कार्डाची मागची बाजू

४ फेब्रुवारी

मास्तरीणबाई,

पोचलो. ताईला सांग, म्हणजे तुझ्या मातोश्रींना, की त्यांचा भाऊ धडधाकट आहे आणि त्यांनी दिलेले दोन्ही स्वेटर एकावर एक अंगात आहेत. फोन करत नाही म्हणून रुसू नकोस. जन्मभर खिळे ठोकून डावा कान गेला, आणि उजव्याला फोनवर नुसती खरखर ऐकू येते. समोर माणूस असला की त्याच्या ओठांकडे बघून भागतं. तेव्हा पत्रच बरं.

टिकलीने म्हाताऱ्या बापाला वरची खोली दिली होती. मी खालचं गॅरेज मागून घेतलं. तिथे माझं टेबल, हातोड्या, काथ्याची पोती आणि एक बैठक फाटलेली खुर्ची आहे. खुर्ची कुणीतरी रस्त्यावर टाकून दिली होती, जावईबापूंनी उचलून आणली. 'तुमचं मन रमेल,' असं काहीसं म्हणाले. माणूस चांगला आहे.

टिकलीची आई गेली तेव्हा ती सहा वर्षांची होती. बाप दुकानातच झोपणारा, सोफे मढवणारा. मावशीने तिला इकडे परदेशात आणलं ते तिच्या भल्याचंच झालं, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण मधल्या काळात ती आमच्याकडे आली ती पाहुणी म्हणून, आणि मीही तिच्याशी पाहुणीशी वागावं तसाच वागलो. आता तिने आपणहून लिहिलं, 'या आणि राहा.' एक वर्षाची परवानगी मिळाली आहे. एवढ्या वर्षांत तिच्याशी बोलायचं जे राहिलं, ते मला या एका वर्षात बोलायचं आहे. दुसरं काही कामच नाही मला इथे.

अडचण भाषेची. घरात इंग्रजी. जावईबापूंना मराठीचा गंध नाही, आणि टिकली मराठी विसरली असावी, निदान बोलत तरी नाही. माझं इंग्रजी कापडाचे तागे मागवण्यापुरतं. शब्द कळतात, पण वाक्य हातातून निसटतं. परवा जेवण झाल्यावर जावईबापूंनी आळस दिला आणि म्हणाले, 'आय ॲम गोइंग टू हिट द सॅक.' मला वाटलं, माझ्या काथ्याच्या पोत्यांनी त्यांचं डोकं उठलंय. गुपचूप जाऊन सगळी पोती दाराआड लपवली. ते आपले वर जाऊन झोपले. सकाळी टिकलीने अर्थ सांगितला. दोघं हसली, मीही हसलो, जरा मागून.

तू संध्याकाळच्या वर्गात हेच शिकवतेस ना, रोजच्या बोलण्यातलं इंग्रजी? मला पत्राने शिकव. फी म्हणून तुझा तो कुरकुरणारा सोफा परत आल्यावर मढवून देईन.

मामा


१९ फेब्रुवारी

मामा,

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. पोत्यांचा प्रसंग आला तेव्हा ती इतकी हसली की कपातला चहा हिंदकळला. मग 'बिचारा' म्हणाली आणि कप घेऊन आत गेली.

शिकवते. पद्धत माझ्या वर्गातलीच. जाड कागदाची छोटी कार्डं. पुढच्या बाजूला वर प्रसंग मराठीत, खाली इंग्रजी वाक्य. मागच्या बाजूला 'कुठे वापरू नये'. ही मागची बाजू माझी स्वतःची कल्पना आहे आणि तिचा मला थोडा गर्व आहे. पुस्तकं अर्थ सांगून मोकळी होतात. पण अर्थ कळला म्हणजे वाक्य वापरता आलं असं नाही. कुणाचे वडील गेले तर आपण 'त्यांनी डोळे मिटले' म्हणतो, 'ते गचकले' म्हणत नाही. अर्थ एकच, आणि हे आपल्याला कुणी शिकवलेलंही नसतं. परक्या भाषेत मात्र शिकावं लागतं.

पहिला संच सोबत आहे. 'हिट द सॅक' म्हणजे अंथरुणाला पाठ टेकणं. हे घरच्यांत, मित्रांत चालतं, साहेबासमोर नको. 'कॉल इट अ डे' म्हणजे आपलं 'आज पुरे'. हातातलं काम आवरताना म्हणायचं, सकाळी सकाळी म्हणशील तर लोक आळशी समजतील. 'अंडर द वेदर' म्हणजे जरा कणकण, जरा अंग मोडून आलंय. हे सर्दीपडशालाच, मोठ्या आजाराला कधीही नको. आणि खास तुझ्या धंद्यासाठी, 'इट कॉस्ट ॲन आर्म अँड अ लेग'. किंमत ऐकून आपले डोळे पांढरे होतात, त्यांचे हातपाय जातात. ही वाक्यं अख्खीच्या अख्खी पाठ कर. त्यातला एक शब्द बदललास तरी ऐकणारा गोंधळेल. आणि म्हणताना सहज म्हण, पाढे म्हटल्यासारखं नको.

एक नियम मात्र कडक. घरात मराठी बंद. माझे विद्यार्थी एक पाय मराठीत ठेवून चालतात आणि म्हणूनच कुठेही पोचत नाहीत. तू काम करताना खिळ्यांशी, स्प्रिंगांशी बोलत असतोस, त्यांना दटावत असतोस, ते मी लहानपणापासून ऐकलंय. तेही इंग्रजीत कर, नाहीतर गप्प राहा. सहा महिन्यांत जीभ वळेल. टिकलीशी बोलायचंय ना? मग तिच्या भाषेत बोल.

तुझी मास्तरीण


२७ मार्च

मास्तरीणबाई,

तुझा विद्यार्थी पहिला आला आहे. शेजारी एक निवृत्त बसचालक बाई राहतात. त्या आपली खुर्ची घेऊन आल्या, तिचा एक हात निखळलेला. मी तो हात उचलून धरला आणि म्हटलं, 'धिस विल कॉस्ट यू ॲन आर्म अँड अ लेग.' बाई दाराला धरून हसल्या. आता येताजाता हाक मारतात. जावईबापू संध्याकाळी गॅरेजमध्ये डोकावले की मी हातोडी ठेवतो आणि 'लेट अस कॉल इट अ डे' म्हणतो. ते दोन्ही अंगठे वर करतात. कार्डांना भोक पाडून तारेत ओवून भिंतीवर टांगली आहेत. खिळे तोंडात धरून एकेक वाचत असतो.

मोठी बातमी आता. टिकलीला दिवस गेलेत. ऑक्टोबरात बाळ येईल. जावईबापूंनी सांगितलं, ती नुसती मान खाली घालून उभी होती, आणि मला एकदम तिची आई दिसली. त्या टाकून दिलेल्या खुर्चीचं आता मी वेगळंच काही करणार आहे. पाय कापून बुटकी करतो, हात काढून टाकतो, म्हणजे बाळाला मांडीवर घेऊन पाजायला कोपर मोकळं राहील. तुझ्या जन्माच्या वेळी ताईला अशीच करून दिली होती, विचार तिला.

तुझा नियम पाळतोय. सोपा नाही. टिकली रोज कामावरून आली की गॅरेजच्या दारात येऊन उभी राहते. बोलत काहीच नाही, नुसती दाराला टेकून उभी. मी खुर्चीवर आडव्याउभ्या पट्ट्या विणत होतो. तिने एका पट्टीला बोट लावलं आणि म्हणाली, 'व्हॉट डू वुई कॉल धिस?' शब्द माझ्या जिभेवर आला होता, तो गिळला आणि म्हटलं, 'वेबिंग. इट इज कॉल्ड वेबिंग.' 'ओके,' म्हणाली. जरा थांबली आणि आत गेली. बघ, कसा पक्का विद्यार्थी आहे. पूर्वी काम करताना माझी अखंड टकळी चालायची, आता गॅरेजात हातोडीशिवाय आवाज नसतो.

मामा


१४ एप्रिल

मामा,

बातमी वाचून आई बराच वेळ बुटक्या खुर्चीबद्दलच बोलत राहिली. तिच्या मते तू त्या खुर्चीची पाठ जरा जास्तच सरळ केली होतीस. ही तक्रार तिने इतकी वर्षं पोटात ठेवली होती. टिकलीच्या खुर्चीची पाठ जरा मागे झुकव, असा निरोप आहे.

वेबिंगचा प्रसंग वाचून मला तुझा अभिमान वाटला. वर्गात सांगितलासुद्धा. म्हटलं, माझा साठीचा विद्यार्थी जिभेवर आलेला शब्द गिळतो, आणि तुम्ही?

नवा संच पाठवते आहे, धीर देण्याच्या वाक्यांचा. गरोदरपणात बारीकसारीक कुरबुरी चालूच असतात, तुला उपयोगी पडेल. 'हँग इन देअर' म्हणजे नेट धर. 'कीप युअर चिन अप' म्हणजे असा चेहरा पाडू नकोस. 'इट्स नॉट द एंड ऑफ द वर्ल्ड' म्हणजे त्यात काय एवढं, जग नाही बुडालं. प्रसंग म्हणून मी वर लिहिलं आहे, 'समोरच्याचं काही नुकसान झालं असता'.

मागच्या बाजू या खेपेला कोऱ्या आहेत. परीक्षेचे पेपर तपासायचे गठ्ठे टेबलावर चढलेत, मान वर करायला फुरसत नाही. पुढच्या पत्रात त्या भरून पाठवते. तोवर तुझं तारतम्य आहेच.

तुझी मास्तरीण


९ जून

मास्तरीणबाई,

कार्डं मिळाली होती. त्यातलं एक वापरलं.

तू मागची बाजू पाठवणार होतीस, ती राहिली. घाई नाही, पण पाठव.

टिकली जरा अंडर द वेदर आहे. वरच्या खोलीत असते. खुर्चीचं काम थांबवलं आहे. हवा बरी आहे. ताईला काळजी करू नको म्हणावं.

मामा


२४ जून

मामा,

एवढंसं पत्र? इंग्रजी शिकून तू मितभाषी झालास की काय? पण 'अंडर द वेदर' अगदी नेमक्या जागी वापरलंस, त्याबद्दल पूर्ण गुण. तसं तू लिहिलंस म्हणून काळजी वाटली नाही, आईलाही तसंच सांगितलं. उन्हाळ्यात या दिवसांत मळमळ होतेच. खुर्ची मात्र थांबवू नकोस, ऑक्टोबर बघता बघता येईल.

मागच्या बाजू राहिल्या, चूक माझी. निकाल लागले, मग प्रवेश सुरू झाले, आणि तुझं पाकीट रोज टेबलाच्या या कोपऱ्यावरून त्या कोपऱ्यावर जात राहिलं. आता घे. 'हँग इन देअर' हे ज्याचा त्रास पुढे संपणार आहे त्याला म्हणायचं. ज्याचं सगळं संपलंय त्याला नको. 'कीप युअर चिन अप' वयाने मोठ्या माणसाला नको. 'इट्स नॉट द एंड ऑफ द वर्ल्ड' हे बस चुकली, बशी फुटली, मुलाखतीत नापास झालं, अशा वेळी. जिथे माणसाचं खरोखरच काही गेलं असेल तिथे हे कधीही, कधीही म्हणू नये. ते कितीही प्रेमाने म्हटलं तरी ऐकणाऱ्याला एकच ऐकू येतं, की तुझ्या दुःखाला माझ्या लेखी किंमत नाही.

हे तीन-चार ओळींत मावेना म्हणून पत्रातच लिहिलं. तू कोणतं वापरलंस आणि कुणापाशी, ते कळव. मला वर्गात सांगायला किस्सा हवा आहे.

तुझी मास्तरीण


१७ ऑगस्ट

बाळ,

तुझं पत्र येऊन पडल्याला बरेच दिवस झाले. आज उत्तर लिहितोय. किस्सा मागितला होतास. हा वर्गात सांगू नकोस.

मे महिन्यात टिकलीचं मूल गेलं. पोटातच. चारपाच दिवस इस्पितळात होती. मला जावईबापूंनी 'चेकअप' एवढंच सांगितलं होतं, म्हातारा घाबरेल म्हणून. घरी आली त्या दिवशी ती सरळ गॅरेजच्या दारात आली. मी बुटक्या खुर्चीला मागची पाठ लावत होतो, तोंडात खिळे होते. ती म्हणाली, 'डॅड, वुई लॉस्ट द बेबी.' एवढंच. मला नीट दिसत होतं, ओठ हलले ते कळलं, अर्थही कळला. पहिल्यांदाच इतकं लख्ख कळलं असेल.

मी खिळे हातात काढले. पोटातून काहीतरी वर येत होतं, ते मराठी होतं. मी ते अडवलं. आणि भिंतीवरच्या तारेत जे कार्ड सगळ्यात वर होतं ते म्हटलं. 'इट्स नॉट द एंड ऑफ द वर्ल्ड.' उच्चार चांगला झाला. तू म्हणतेस तसा, अगदी सहज.

तिने माझ्याकडे बघितलं. 'थँक यू, डॅड,' म्हणाली आणि दार हळू लावून घेतलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

नंतर मला कळत होतं की काहीतरी चुकलंय, पण काय ते कळत नव्हतं. वाक्यात तर चूक नव्हती. म्हणून तुला मागची बाजू मागितली. बाकीचं लिहायचा धीर झाला नाही. तुझं जूनचं पत्र वाचलं तेव्हा कळलं.

जुलैमध्ये ती एकदा खाली आली. भिंतीवरची तार काढून घेतली आणि कार्डं वाचायला लागली. वरच्या ओळी, मराठी. एकेक अक्षर लावत, मोठ्याने. 'समोरच्याचं. काही. नुकसान. झालं. असता.' मी बघतच राहिलो. मावशी तिला दर रविवारी मराठी शिकवायची म्हणे. बोलायला कुणी नव्हतं एवढंच. 'तू बोलली का नाहीस?' मी विचारलं, मराठीतच विचारलं, आणि इथे आल्यापासून तिच्याशी बोललेलं माझं ते पहिलं मराठी वाक्य. ती म्हणाली, 'यू डिडन्ट.'

मग तिने जे सांगितलं ते माझ्या भाषेत लिहितो. लहानपणचा माझा चेहराही तिला आठवत नाही. आठवतं ते हे, की ती टेबलाखाली पट्ट्यांच्या गुंडाळ्यांवर झोपलेली असायची आणि वर बाबा खिळे तोंडात धरून स्प्रिंगांना रागावत असायचा. 'अगं बाई, सरळ बस की. तुला काय लग्नाला जायचंय?' असं काहीतरी. तेवढा आवाज तिने जपून ठेवला होता. मूल व्हावं असं दोघांनी ठरवल्यावर तिला तो आवाज घरात हवा होता, म्हणून मला बोलावलं. रोज दारात उभी राहायची ती त्यासाठी. 'आय आस्क्ड फॉर बाबा,' ती म्हणाली. 'आय गॉट अ गेस्ट.'

याचा अर्थ मला कार्डाशिवाय कळला.

गेल्या आठवड्यात ती मावशीकडे गेली. दूर आहे, विमानाने जावं लागतं. नोकरीही तिकडेच बघते आहे. घरात मी आणि जावईबापू. सकाळी ते 'हाउ इज इट गोइंग' म्हणतात, मी 'कान्ट कम्प्लेन' म्हणतो. मग दोघं आपापला चहा पितो.

तुझ्यावर राग नाही. वाक्य मी म्हटलं, तू नाही.

मामा


२ सप्टेंबर

मामा,

आईला सांगितलं. संध्याकाळी भाजी निवडताना म्हणाली, 'नुसतं अगं बाळा म्हणून खाली बसला असता तरी चाललं असतं.' मग म्हणाली, 'तो तेच करणार होता. तू नको म्हणालीस.'

पहिल्यांदा मला तुझाच राग आला. इतकं मोठं झालं आणि तू लपवलंस. मग जूनचं पत्र पुन्हा काढलं. तू लपवलं नव्हतंस. खुर्ची थांबली असं लिहिलं होतंस. टिकली इथे जवळपास राहत असती तर एवढ्यावरून आईने बॅग भरून तिचं घर गाठलं असतं. मी मात्र 'अंडर द वेदर'ला गुण देत बसले. तुझं पत्र मी पत्र म्हणून वाचलंच नाही, वही तपासावी तसं तपासलं.

एप्रिलात तुझं वेबिंगचं पत्र आलं त्या दिवशी मी रोजनिशीत काय लिहिलं होतं तेही बघितलं. 'मामा घसरला नाही. आनंद.' टिकली रोज दारात उभी राहते हे वाक्य मी वाचलं होतं. ती का उभी राहते हा प्रश्न मला पडला नाही. मला वेबिंग दिसलं.

मागची बाजू वेळेवर भरली असती तर, असं आठवडाभर स्वतःला विचारते आहे. हा प्रश्न सोयीचा आहे, त्यात दोष पेपरांच्या गठ्ठ्यावर जातो. पण समजा भरली असती. 'मोठ्या दुःखात वापरू नये.' मग मोठ्या दुःखात काय वापरावं? त्याचं कार्ड माझ्यापाशी नव्हतं, आजही नाही. ते तुझ्यापाशी होतं, आणि त्याच्यावर मी फेब्रुवारीतच बंदी घातली होती. तुझ्या भल्यासाठी घातली, असं मला वाटत होतं. खरंच तसं होतं का, की साठीच्या माणसाला इंग्रजी बोलतं केलं हे मला वर्गात सांगायचं होतं? मला ठरवता येत नाही. दोन्ही असेल.

टिकलीला पत्र लिहायला बसले. सगळा दोष माझा, असं. दोनदा लिहिलं, दोनदा फाडलं. तुमच्या दोघांच्या मध्ये मी एकदा वाक्यं घेऊन उभी राहिले, आता पुन्हा क्षमा घेऊन उभी राहायचं का?

तो नियम मागे घेते असं लिहिणार होते. लिहिताना लाज वाटली. तुझी भाषा माझ्याकडे होतीच कधी, की मी ती परत द्यावी?

जमलं तर खुर्चीचं काम पुन्हा हाती घे. कशासाठी ते मला सांगता येत नाही. तू नुसता बसून आहेस हे मात्र बघवत नाही.

तुझी भाची


१९ ऑक्टोबर

बाळ,

ताईला सांग, महिनाअखेर परत येतो. परवानगी पुढच्या वर्षापर्यंत आहे, पण हे घरच राहणार नाही. टिकलीला तिकडे नोकरी लागली, जावईबापू तिच्याकडे चाललेत. मला तिकडे बोलावणं नाही. मावशीची जागा लहान आहे असं ती म्हणते, आणि ते खरंही असेल. तिला अजून मला बघायचं नाही.

तू लिहिलंस म्हणून नाही, पण खुर्ची मी पुन्हा घेतली. पाय कापलेले होते ते काही लांब होत नाहीत. बुटकीच राहणार. हात मात्र परत बसवले. कुणी म्हातारं माणूस शेकत बसायला वापरेल. शेजारच्या बसचालक बाईंना देऊन टाकणार आहे, त्यांनी मागितली.

तुझ्या वर्गाबद्दल एक सांगू? नियम सांगण्याआधी एकदा विचारत जा की घरात कोण कोण आहे. एवढंच. कार्डं चांगली आहेत तुझी. बाईंशी माझी ओळख त्यांच्यामुळेच झाली, आणि जावईबापूंशी दोन शब्द बोलतो तेही त्यांच्यामुळेच. ती परत आणतो आहे, मागच्या बाजूंसकट.

आता जे लिहायचं म्हणून बसलो ते. रविवारी जावईबापूंनी टिकलीला फोन लावला आणि माझ्या हातात दिला. मला खरखर ऐकू आली. ती बोलत होती की गप्प होती, तेही कळेना. मी काय बोलावं? इंग्रजी आठवेना आणि मराठी तोंडावर यायला लाजत होतं. शेवटी मी फोन कामाच्या टेबलावर ठेवला, खिळे तोंडात घेतले आणि कामाला लागलो. बैठकीच्या पट्ट्या सैल पडल्या होत्या, त्या काढून नव्याने विणायच्या होत्या. एक पट्टी काही केल्या ताणून बसेना. मी तिला म्हटलं, 'काय गं, आज अंगात आलंय वाटतं? ये अशी. लाजतेस काय, घरचीच माणसं आहेत.' मग दुसरीला झापलं. मग हातोडीला. मी फोनकडे बघत नव्हतो. तिने कधीच ठेवून दिला असेल असं धरून चाललो होतो. पण जीभ सुटली होती, आणि इतक्या महिन्यांचं साठलेलं होतं.

बऱ्याच वेळाने जावईबापू फोन न्यायला आले. त्यांनी तो उचलून कानाला लावला आणि दचकले. हाताने मला थांब म्हणाले. ऐकलं, पुन्हा ऐकलं, मग माझ्याकडे तोंड करून, ओठ मोठे मोठे हलवत, एकेक अक्षर चाचपत म्हणाले, 'त्या. पट्टीला. काय. म्हणतो. आपण?' त्यांना त्यातलं काहीही कळत नव्हतं. मी तुझी कार्डं म्हणायचो तसेच म्हणाले, नेटाने, एक शब्द न बदलता.

मी खिळे हातात काढले आणि फोनकडे वाकलो. 'नवार,' म्हटलं. 'नवार म्हणतात तिला, बाळा. तू तिच्यावर झोपायचीस.'

मग ती बोलायला लागली. बराच वेळ बोलत होती. जावईबापूंना ऐकू येत होतं आणि कळत नव्हतं. मला कळलं असतं आणि ऐकू येत नव्हतं. त्यांनी बिचाऱ्यांनी पकडून ठेवायची शिकस्त केली, पण त्यांच्या हाती सुरुवातीचे दोनच शब्द लागले. 'बाबा, मी.'

पुढचं तिच्यापाशीच राहिलं.

मामा